नवीन आलेला सिगार कसा चाखायचा, कसा तपासायचा – नाशकातल्या नवख्यांसाठी

माझी आजी सिन्नरला विड्या वळायची. रात्री तेंदूची पानं पाण्यातून काढून, झटकून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची आणि सकाळी पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्रीनं कापत बसायची. पान कमी भिजलं की वळताना चिरायचं, जास्त भिजलं की कारखान्यात छाट निघायची. मी पहिल्यांदा सिगार घरी आणले तेव्हा तिनं त्यातला एक हुंगला, दोन बोटांत हलकेच दाबला आणि म्हणाली, "एवढी जाड विडी, आणि पार कोरडी पडलीये रे." गंमत अशी की दोनच दिवस आधी त्याच डब्यातला एक ओढून मी वहीत लिहून ठेवलं होतं की चव कडवट, भराभर जळतो, पैसे वाया. म्हणजे मी सिगारला नापास केलं होतं, आणि चूक होती आमच्या घरातल्या एप्रिलच्या हवेची.

तेव्हापासून बऱ्याच चुका करून झाल्यात, त्या तुम्ही परत करू नका म्हणून हे लिहितोय. नवीन रिलीज झालेला सिगार हातात आला की काय करायचं, किती थांबायचं, काय बघायचं, मार्क कसे द्यायचे, एवढंच.

आधी दोन गोष्टी सरळ सांगतो. हे १८ पूर्ण झालेल्यांसाठी आहे, आणि जे आत्ता काहीच ओढत नाहीत त्यांनी हे वाचून सुरू करू नका. सिगारचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी असं लोक छातीठोकपणे सांगतात, ते खोटं आहे. सिगारच्या धुरातलं निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून सुद्धा रक्तात जातं, तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर यानेही होतो, आणि एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते. मी स्वतः महिन्यातून एक-दोन ओढतो, त्यापेक्षा जास्त नाही, आणि टेस्टिंगच्या नावाखाली एका दिवसात तीन-तीन संपवणाऱ्यांना चव कळते यावर माझा विश्वास नाही.

## काय काय लागेल

- एकाच नवीन सिगारचे कमीत कमी ३ नग (का ते खाली सांगतो)
- घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा किंवा काचेचा डबा, कोरा, कशाचाच वास न लागलेला
- ६५ किंवा ६९ टक्क्यांची बोवेडाची पुडी, म्हणजे डब्यातली आर्द्रता धरून ठेवणारी पुडी
- छोटा डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र
- दोन पात्यांचा कटर
- ब्युटेन गॅसचा लायटर
- वही-पेन (मोबाइलवर लिहायला गेलात तर व्हॉट्सअ‍ॅपच बघत बसाल, अनुभवाचे बोल)
- साधं पाणी, आणि शेजारी गुळाचा खडा
- कागदपत्रांत म्हणाल तर दुकानाचं बिल, आणि बाहेरून आणला असेल तर ड्युटी फ्रीची पावती, शिवाय डब्याच्या सगळ्या बाजूंचे फोटो

## १. "नवीन आलाय" म्हणजे नेमकं काय नवीन, ते आधी विचारा

दुकानदार नवीन म्हणतो तेव्हा त्याचे चार अर्थ निघू शकतात. पानांचं मिश्रणच (ब्लेंड) नवं असेल, किंवा जुन्याच मिश्रणाचा नवा साइझ असेल, किंवा आतला माल तोच ठेवून फक्त बाहेरचं पान बदललं असेल, किंवा नुसती सिगारभोवतीची कागदी पट्टी आणि डबा नवा असेल. चौथ्या प्रकाराला पैसे घालवायचे की नाही तुमचं तुम्ही ठरवा.

हे कळायला सिगारची रचना माहीत पाहिजे. आत असतो फिलर, त्याला बांधून ठेवणारं पान म्हणजे बाइंडर, आणि सगळ्यात वरचं देखणं पान म्हणजे रॅपर. फिलरमधली पानंसुद्धा झाडाच्या कुठल्या उंचीवरची आहेत त्यावर वेगळी असतात. खालची वोलाडो, ती नीट पेटती राहतात. मधली सेको, त्यांना वास चांगला. वरची लिहेरो, त्यांना ऊन सगळ्यात जास्त लागतं म्हणून ती जाड आणि कडक असतात, हळू जळतात, म्हणून वळणारा ती मधोमध ठेवतो. नवीन सिगारची माहिती वाचताना हे तीन थर आणि कुठल्या देशाचं पान एवढं वहीत उतरवून घ्या, पुढे कामाला येतं.

देशाचं म्हणाल तर निकाराग्वात एस्तेली आणि जालापा, क्युबात पिनार देल रिओ, शिवाय डॉमिनिकन रिपब्लिक आणि होंडुरास ही नावं सारखी दिसतील. रॅपर बऱ्याचदा इक्वेडोरचा असतो, कारण तिथे आभाळ झाकलेलं असतं आणि पान पातळ, नाजूक निघतं. बियाणं अमेरिकेतल्या कनेक्टिकटचं आणि पीक इक्वेडोरचं असंही सर्रास चालतं. द्राक्षवाल्या नाशिककराला हे समजवायला नको, तीच थॉमसन निफाडची वेगळी लागते आणि सांगलीची वेगळी.

आता तीन नग का? कारण सिगार हातानं वळलेली वस्तू आहे. एखादा घट्ट वळला गेला तर त्यातून धूरच येत नाही, आणि एकावरून अख्ख्या मालाला नापास करणं म्हणजे एका द्राक्षावरून बाग तोडणं झालं. तिन्ही एकाच साइझचे घ्या. साइझमध्ये लांबी इंचात असते आणि जाडी रिंग गेजमध्ये, म्हणजे इंचाचे ६४ भाग करून त्यातले किती. रोबुस्टो साधारण ५ इंच बाय ५०, म्हणजे जवळपास २० मिलिमीटर जाड, ४५ मिनिटं ते तासभर पुरतो. नवीन ब्लेंड तपासायला मी रोबुस्टोच घेतो. खूप जाड सिगारमध्ये फिलरच्या मानानं रॅपर कमी पडतो आणि त्याची चव दबते, आणि सात इंची चर्चिल घेतला तर नवख्याची जीभ अर्ध्यातच थकते.

## २. माल खरा आहे का ते बघा

हा भाग कंटाळवाणा आहे पण इथेच लोक फसतात.

भारतात रीतसर आयात झालेल्या डब्यावर आपल्याकडचा चित्राचा इशारा असतो, पुढच्या-मागच्या बाजूचा ८५ टक्के भाग व्यापणारा, आणि आयात करणाऱ्याचं नाव आणि एमआरपी. ते काहीच नसेल आणि तरी दुकानात विकायला ठेवलेला असेल तर तो कुठून आला हे तुम्हाला कळलंच असेल. कोणी परदेशातून येत असेल तर एका प्रवाशाला २५ सिगार ड्युटीशिवाय आणता येतात, किंवा १०० सिगारेटी, किंवा १२५ ग्रॅम तंबाखू, तिन्हीपैकी एकच.

क्युबन म्हणून मिळणाऱ्या मालात तर जत्राच असते. काचेच्या किंवा पारदर्शक झाकणाच्या डब्यातला कोहिबा (हा क्युबाचा नावाजलेला ब्रँड) कोणी दाखवला तर हात जोडून निघा, असा डबा कंपनी काढतच नाही. खऱ्या क्युबन डब्याच्या तळाला गरम शिक्क्यानं मजकूर उठवलेला असतो आणि शेजारी कारखान्याचा कोड आणि महिना-वर्ष शाईनं छापलेलं असतं, महिना स्पॅनिशमध्ये तीन अक्षरी. AGO म्हणजे आगोस्तो, आपला ऑगस्ट, आणि ENE म्हणजे एनेरो, जानेवारी. हा डबाबंद तारखेचा फोटो काढून ठेवा, कारण पुढच्या पायरीत हीच तारीख लागणार आहे.

माझ्या ओळखीच्या एकाला लग्नाच्या आहेरात असा काचेचा डबा आला होता. त्यानं तो दिवाणखान्यात शोकेसमध्ये ठेवलाय. बरोबर जागी आहे.

## ३. थांबा. आणि हवा सांभाळा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि सगळ्यात जास्त लोक हीच गाळतात, कारण नवीन वस्तू हातात आली की धीर धरवत नाही.

सिगारला साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते. आपल्या नाशकात एप्रिल-मेच्या दुपारी माझ्या घरातला हायग्रोमीटर ३० च्या खाली गेलेला मी बघितलाय, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तोच ८५ च्या वर. म्हणजे उन्हाळ्यात उघडा ठेवला तर दोन-तीन दिवसांत खडखडीत वाळतो, आणि पावसाळ्यात पापडासारखा सादळतो. वाळलेला सिगार भराभर आणि गरम जळतो, तोंडात कडू लागतो. सादळलेला नीट पेटत नाही, ओढायला जड जातो, आंबटसर लागतो. दोन्ही वेळा तुम्ही वहीत लिहिणार "ब्लेंड बेकार". हे माझ्याकडून किमान चार वेळा झालंय.

त्यामुळे असं करा. आधी हायग्रोमीटर खरं बोलतो का ते तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, त्यात पाण्याचे थेंब टाकून ओल्या वाळूसारखं करा (मीठ विरघळायला नको), ते आणि हायग्रोमीटर एका झिपच्या पिशवीत बंद करून एक दिवस ठेवा. आतली आर्द्रता ७५ वर येऊन थांबते, हा मिठाचा गुणधर्मच आहे. तुमचं यंत्र ७१ दाखवत असेल तर ते ४ नं कमी दाखवतंय, मागे चिकटपट्टीवर लिहून ठेवा.

मग डब्यात बोवेडाची पुडी, हायग्रोमीटर आणि सिगार ठेवून झाकण लावा आणि घरातल्या सगळ्यात गार कपाटात ठेवून द्या. महागडा लाकडी ह्युमिडॉर, म्हणजे सिगार ठेवायची खास पेटी, सुरुवातीला अजिबात घेऊ नका. आपल्याकडे उन्हाळ्यात लाकूड सुकून झाकणाला फट पडते आणि मग तुम्ही रोज त्यात पाणी घालत बसता. प्लास्टिकचा डबा दिसायला भिकार पण कामाला चोख.

डबा मात्र नवा घ्या. मी पहिल्यांदा घरातला एक धुतलेला डबा उचलला होता, ज्यात कधीकाळी काळा मसाला भरलेला असायचा. तीन आठवड्यांनी सिगार पेटवला तर आमटीचा वास. बायको आतून ओरडली, "काही जळतंय का गॅसवर?"

किती थांबायचं? प्रवास करून आलेला असेल तर किमान दोन आठवडे डब्यात राहू द्या. विमान, मग मुंबईहून गाडीच्या डिकीत उन्हातान्हातून कसारा घाट चढून आलेला तो, त्यालाही दम लागलेला असतो. आणि अगदी ताजा वळलेला असेल (डबाबंद तारीख बघा) तर टोक हुंगा. अमोनियाचा, म्हणजे गोठ्यात मूत साचल्यावर येतो तसा झोंबरा वास आला तर तो अजून तयार नाही. तंबाखूची पानं रचून ढीग लावतात आणि तो ढीग आतून तापतो, ओल्या चाऱ्याची गंजी जशी आतून तापते अगदी तसं, आणि त्यातूनच अमोनिया बाहेर पडतो. थोडं शिल्लक राहिलेलं असलं तर महिना-दोन महिने डब्यात ठेवल्यावर जातं. गेलं नाही तर मात्र ते बनवणाऱ्याचं अपयश, खुशाल लिहा.

"लिमिटेड एडिशन" लिहिलेलं असलं की आतलं पान आधीच मुरवलेलं आहे असं लोक धरून चालतात. क्युबावाले २००० सालापासून वर्षाला काही एडिसिओन लिमिटाडा काढतात आणि त्यासाठी किमान दोन वर्षं मुरवलेलं पान वापरतात, ते ठीक. पण बाकीच्यांच्या पट्टीवर नुसतं लिमिटेड लिहिलं असेल तर त्याचा अर्थ फक्त नग कमी काढलेत एवढाच असू शकतो.

आणि किडे. तंबाखूचा भुंगा म्हणून एक बारका तपकिरी किडा असतो, त्याची अंडी पानात आधीपासून असू शकतात आणि बराच काळ २५ अंशांच्या वर गरम राहिलं की ती फुटतात. मे महिन्यात आपलं कुठलंही कपाट २५ च्या वरच असतं. सिगारवर टाचणीनं टोचल्यासारखं भोक आणि खाली भुकटी दिसली की समजायचं. तसा संशय असेल तर सिगार झिपच्या पिशवीत घालून एक दिवस फ्रिजमध्ये, मग तीन दिवस फ्रीझरमध्ये, मग परत एक दिवस फ्रिजमध्ये आणि मग बाहेर. पायऱ्या गाळल्या तर रॅपर तडकतो. पावसाळ्यात वर पांढरं केसाळ काही दिसलं तर ती बुरशी. तिला कोणी "मुरल्याची साय" वगैरे गोड नाव दिलं तरी बुरशीच.

## ४. दिवस आणि जागा निवडा

सकाळी मिसळ खाल्लेल्या दिवशी टेस्टिंग करायची नाही. नाशकात राहून हे पाळणं किती अवघड आहे मला माहितीये, पण तर्री एकदा जिभेवरून गेली की पुढचे चार-पाच तास मिरी कुठली आणि सुंठ कुठली काही समजत नाही. हलकं जेवून दीड-दोन तासांनी बसा. उपाशीपोटी तर अजिबात नको, निकोटिननं गरगरतं, मळमळतं. तसं झालंच तर सिगार बाजूला ठेवून गुळाचा खडा चघळा, पाणी प्या, पाय वर घेऊन बसा.

सार्वजनिक जागी धूम्रपानाला २ ऑक्टोबर २००८ पासून बंदी आहे, त्यामुळे गोदाकाठ, गार्डन, हॉटेलचं साधं टेबल, सगळं बाद. राहिली स्वतःची गच्ची किंवा शेतातली पडवी. घरात पोरंबाळं, म्हातारी माणसं असतील तर आत नकोच. गच्चीवर वारा नको. वाऱ्यात सिगार एका बाजूनं पळतो आणि आपण म्हणतो वळलाच वाईट.

बाकी अगरबत्ती नको, अत्तर नको, गोड चहा नको, आणि पहिल्या वेळी वाइन पण नको. गंगापूर रोडला वायनरीत टेस्टिंगला गेला असाल तर आठवा, तिथेसुद्धा मधे-मधे साधं पाणी देतात. वाइनसोबत जमतो का हा प्रयोग तिसऱ्या नगाला करा. एकदा मी पहिल्याच भागात अगदी खुशीत लिहिलं होतं, "मंद फुलांचा वास, लिंबासारखं काहीतरी", आणि अर्ध्या तासानं लक्षात आलं की हाताला डासांचं क्रीम लावलेलं होतं.

## ५. पेटवायच्या आधी दोन मिनिटं नुसतं बघा

रॅपरचा रंग सगळीकडे सारखा आहे का, शिरा जाड आहेत का, शिवण कुठे सुटलीये का. रंग गडद म्हणजे कडक हा गैरसमज आहे. मडुरो नावाचा रॅपर काळपट असतो पण बऱ्याचदा गोडसर निघतो, आणि फिकट रॅपरच्या आत लिहेरो ठासून भरलेला असला तर डोकं धरायला लावतो.

मग डोक्यापासून (तोंडात धरायचं टोक) पायापर्यंत (पेटवायचं टोक) दोन बोटांत हलकेच दाबत जा, आजी दाबायची तसं. सगळीकडे सारखं, किंचित दबून परत वर आलं पाहिजे. कुरकुर आवाज आला तर वाळलेला, परत डब्यात. मधेच खड्यासारखं लागलं तर तिथे पान गच्च बसलंय, ओढताना अडणार, आत्ताच लिहून ठेवा. मऊ खळगा लागला तर तिथून गरम जळणार. आणि रॅपर वेगळा हुंगा, पेटवायचं टोक वेगळं हुंगा, दोघांचे वास बहुतेक वेळा वेगळे असतात.

## ६. कापा, कोरडा ओढून बघा, पेटवा

डोक्याला एक छोटी टोपी चिकटवलेली असते. फक्त तिचा वरचा दोन मिलिमीटर भाग कापायचा, एका झटक्यात. टोपीच्या खाली कापलं तर रॅपर सुटत सुटत हातात येतो. आमच्या काकांनी एकदा कटर नाही म्हणून पानाच्या डब्यातला अडकित्ता काढला होता. कल्पना चांगली वाटली, पण अडकित्ता सुपारी फोडायला बनवलाय, त्यानं डोकं कापण्याऐवजी चेपलं आणि पाचशेच्या वरची वस्तू दातवणासारखी दिसायला लागली.

कापल्यावर न पेटवता दोन-तीनदा ओढा, याला कोल्ड ड्रॉ म्हणतात. हवा पातळ ताक स्ट्रॉनं ओढल्यासारखी आली तर उत्तम. घट्ट लस्सी ओढल्यासारखं वाटलं तर अडलेला. काहीच अडत नाही असं वाटलं तर सैल, भराभर जाणार.

पेटवताना ज्योत टोकाला टेकवू नका, जरा खाली धरून फिरवत फिरवत कडा आधी लाल होऊ द्या. पेट्रोलच्या लायटरचा वास सिगारमध्ये उतरतो. काडेपेटीच असेल तर काडीचं डोकं पूर्ण जळून जाऊ द्या आणि मग जवळ न्या.

## ७. तीन भाग करा

सिगारचे मनातल्या मनात तीन भाग पाडा आणि वहीच्या पानावर आधीच तीन रकाने आखून ठेवा. मिनिटाला एक झुरका, जास्त नाही. घाई केली की सिगार तापतो आणि कुठलाही सिगार तापला की कडूच लागतो, मग तो दोनशेचा असो की पाच हजारांचा. धूर तोंडात घ्यायचा, फिरवायचा, सोडायचा. छातीत नाही.

प्रत्येक भागात एक-दोनदा तोंडातला थोडासा धूर नाकातून हळूच बाहेर सोडून बघा, याला रेट्रोहेल म्हणतात, कारण चवीचा मोठा हिस्सा नाकच ओळखतं. पहिल्यांदा डोळ्यांतून पाणी येईल, ठसका लागेल, म्हणून अगदी थोडा धूर.

लिहायचं काय, तर तीन गोष्टी वेगवेगळ्या, आणि नवखे नेमक्या याच एकात एक मिसळतात. स्ट्रेंथ, बॉडी आणि फ्लेवर. मिसळीवरून सांगतो. किती झणझणीत आहे, घाम फुटला का, ती स्ट्रेंथ, इथे निकोटिनचा झटका. रस्सा पातळ आहे की दाट, जिभेवर किती बसतो, ती बॉडी, इथे धुराचं वजन. आणि मसाला कुठला, खोबरं लागलं की कांदा लागला, तो फ्लेवर. झणझणीत पण पाणचट मिसळ असते ना, तसा कडक पण पातळ सिगारही असतो. "स्ट्राँग आहे" म्हणजे "भारी आहे" असं नव्हे.

पहिला भाग थोडा फसवा असतो, मिरीचा तडाखा असतो आणि मग तो ओसरतो, त्यामुळे पहिल्या इंचावर निकाल लावू नका. दुसऱ्या भागात खरा ब्लेंड बोलतो. तिसऱ्यात उष्णता आणि स्ट्रेंथ वाढते, तिथे कडवटपणा आला तर आधी वेग कमी करून बघा. जळण्याची रेघ वाकडी झाली तर लगेच लायटर लावू नका, मागे पडलेली बाजू खाली करून धरा, बऱ्याचदा स्वतःच सरळ होते. दोनपेक्षा जास्त वेळा लायटर लावावा लागला तर मार्क कापा. राखेचं फार कौतुक नको, किती इंच टिकली याचे फोटो काढण्यात लोकांचा सिगार विझतो.

## ८. चवीला स्वतःचे शब्द वापरा

मी पहिलं वर्षभर इंग्रजीत वाचलेले शब्द ठोकून देत होतो, सीडर, लेदर, एस्प्रेसो, आणि खरं सांगायचं तर सीडरचं लाकूड मी हातात पण धरलेलं नव्हतं. मग एके दिवशी पोराची पेन्सिल टोकदार करताना शार्पनरमधून जो वास आला, तो हाच की! तिथून मी वहीच्या मागच्या पानावर यादी करायला लागलो.

सीडर म्हणजे पेन्सिलीची सालटं. लेदर म्हणजे नवी कोल्हापुरी चप्पल, तेल न लावलेली. अर्थी म्हणतात ते पहिल्या पावसानंतरची शेताची माती, आणि बार्नयार्ड म्हणतात तो गोठ्याबाहेरचा कडबा, जो नाक मुरडायला लावत नाही उलट बरा वाटतो. क्रीमी म्हणजे तापवलेल्या दुधाची साय. नटी म्हणजे भाजलेले शेंगदाणे, पण सालासकट की सोललेले हे पण लिहा, कारण सालाला तो किंचित तुरटपणा असतो आणि निकाराग्वाच्या काही सिगारांत तो नेमका तसाच येतो. सुकामेव्याचं तर आपण नाशिकवाले राजे, पिवळ्या बेदाण्याचा आंबटगोडपणा वेगळा आणि काळ्या मनुकांचा जडपणा वेगळा. मडुरोत मला बहुतेक वेळा काळ्या मनुका आणि काकवी सापडते. गोडवा गुळाचा, की उकळत्या रसाचा, की साखर करपल्याचा? चंदनाची छटा असेल तर पंचवटीत सकाळी उगाळलेलं गंध आठवा.

आठवत नसेल तर सराव करा. घरातला मसाल्याचा डबा घ्या, डोळे मिटा, कोणाला तरी लवंग, जायफळ, सुंठ, मिरी, दालचिनी एकेक करून नाकाशी धरायला सांगा. पहिल्या दिवशी मला पाचातले दोनच ओळखता आले होते, आणि बायकोला पाचही. आता टेस्टिंगला तीच शेजारी बसते, लांबून वारा घालत, ओढत काही नाही पण डब्यातला सिगार हुंगून जे सांगते ते माझ्या तीन रकान्यांपेक्षा नेमकं असतं.

काहीच सापडलं नाही तर "तंबाखू" लिहा. उगाच व्हॅनिला लिहू नका.

## ९. मार्क द्या, पण पट्टी काढून

सिगारवरची मासिकं १०० पैकी मार्क देतात. सिगार अफिसिओनादो हे अमेरिकन मासिक १९९२ मध्ये सुरू झालं, तिथेही परीक्षकांना पट्टी न दाखवताच ओढायला देतात. पण त्या शंभरात ७० च्या खाली म्हणजे सरळ पैसे वाया, त्यामुळे ८० वाचून नवखा खूश होतो आणि फसतो. मी ५० चा हिशेब ठेवतो. दिसणं आणि वळण ५, ड्रॉ आणि जळणं १०, चव २०, तीन भागांत बदल किती झाला ५, आणि स्वतःच्या पैशानं परत घेईन का याचे १०. किंमत मी शेवटी लिहितो, मार्क देऊन झाल्यावर.

पहिला नग उघड्या डोळ्यांनी ओढा. दुसरा किमान आठवड्यानं, आणि आंधळेपणानं. म्हणजे घरातल्या कोणाला तरी सांगून नवीन सिगार आणि तुमच्या ओळखीचा एखादा जुना, त्याच साइझचा, दोघांच्या पट्ट्या काढून कागदाची पट्टी गुंडाळायची, क आणि ख लिहायचं. (पट्टी ओढून काढू नका, खाली डिंक लागलेला असला तर रॅपर फाटतो, कात्रीच्या टोकानं डिंकाच्या जागी अलगद सोडवा.) एका शनिवारी क, पुढच्या शनिवारी ख, आणि मग चिठ्ठी उघडायची.

माझ्या अशाच एका चिठ्ठीत, जो नवा लिमिटेड सिगार माझ्यासाठी एक जण दुबईहून घेऊन आला होता आणि ज्याला मी उघड्या डोळ्यांनी ४४ दिले होते, तो ३१ वर आला. नेहमीचा, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीचा, ३८ वर. तीन दिवस मी कोणाला सांगितलं नाही.

तिसरा नग चार-सहा महिन्यांनी. डब्यावर तारीख टाका नाहीतर विसराल. त्या दुबईवाल्यातला तिसरा मी मागच्या दिवाळीनंतर काढला, हवा गार झालेली, हायग्रोमीटर ६६, आणि त्याला ४० पडले. पहिल्या वेळचा अमोनिया गेलेला होता आणि मधल्या भागात सालासकट शेंगदाणे अगदी स्पष्ट होते. म्हणजे पहिल्यांदा मी पट्टीला मार्क दिले, दुसऱ्यांदा कच्च्या पानाचे कापले. वहीत आता तिन्ही आकडे एकाखाली एक आहेत, कुठलाच खोडलेला नाही.

झाल्यावर थोटूक सिगारेटसारखं चुरडून विझवू नका, भयंकर वास सुटतो. राखपात्रात तसंच ठेवा, दहा मिनिटांत आपोआप विझतं. पण रात्रभर गच्चीवर ठेवू नका, सकाळपर्यंत वास खालच्या मजल्यावर जातो आणि सोसायटीचा सेक्रेटरी वर येतो. पाणी भरलेल्या जुन्या डब्यात बुडवा, झाकण लावा, आणि सकाळी निथळून कागदात गुंडाळून घंटागाडीत टाका.